मांगे कोन बसते?

वर्धेला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या वळणावर हेमराज उगेमुग्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. वर टिनं, खाली काळी पडलेली माती, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. मोटरसायकल घेऊन कोणी आलं की काय मोडलं ते हेमराज आधी विचारायचा नाही. हातातली पकड खाली ठेवायचा, डोळ्यावरची काळी काच कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचा, "मांगे कोन बसते?"

नवं गिऱ्हाईक चक्रावायचं. "मांगे? बायको बसते. कदी कदी माय बसते. काऊन?"

"एका अंगानं बसते का दोन्हीकडे पाय टाकून?"

"माय का दोन्हीकडे पाय टाकून बसन का भाऊ? नऊवारी नेसते थे."

"मंग उतर खाली."

मग तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसायचा आणि सीटच्या कडेपासून तारांपर्यंत वीत टाकून पाहायचा. माणूस मोडकं स्टॅंड जोडायला आलेला असायचा आणि साडीगार्डची जाळी लावून परत जायचा. स्टॅंडसाठी त्याला दुसऱ्या दिवशी यावं लागायचं.

जवान पोट्टे उलटं काम घेऊन यायचे. "काका, हे जाळी कापून द्या. दूधवाल्याची गाडी दिसते."

"कापतो न. पहिले मांगे बसते तिले घेऊन ये. तिच्यासमोर कापतो."

"अजून कोनी बसत नाई, काका."

"मंग बसन तवा ये."

एकही परत आला नाही. लोक हसायचे, पण हेमराज मस्करी करत नव्हता. अशी एक जाळी त्याने स्वतःच्या हाताने कापली होती, आणि त्यानंतर त्याच्या गाडीची मागची सीट बारा वर्षं रिकामी होती.

हेमराज आमच्या गावचा. वायगावच्या पुढं, हिंगणघाट रोडला लागून आमचं गाव. घरी वावर होतं, बैलजोडी होती, बाप लवकर गेलेला, माय आनंदाबाई खमकी. चौऱ्याण्णवच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. पोरगी हिंगणघाटची, अंजू. तिचे वडील वासुदेवराव सूतगिरणीत कामाला. त्या सालांत आमच्याकडे मांडवाच्या बाजूला एक मोटरसायकल उभी असायचीच, हेडलाईटला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, सीटवर प्लॅस्टिक तसंच. वरातीत लोक नवरीपेक्षा गाडीलाच जास्त पाहायचे. वासुदेवरावांनी लाल गाडी उभी केली. जवाईबापूंना तोवर सायकल आणि बंडी एवढंच हाकता येत होतं.

गाडी तो खळ्यात शिकला. चार दिवसांत तीनदा कुटाराच्या ढिगात घुसला, पाचव्या दिवशी रोडवर आला. बरोबरीचे पोट्टे पारावर बसलेले. एक म्हणाला, "गाडी मस्त आहे बे हेमराज, पन हे मांगची जाळी? पोट्टीची गाडी दिसून राह्यली." दुसरा म्हणाला, "अबे, राहू दे. त्याची बायको भेते."

हेमराज घरी आला, आरी घेतली आणि साडीगार्ड कापून टाकलं. आनंदाबाईने ती जाळी वाया जाऊ दिली नाही. परसात कारल्याच्या वेलाखाली उभी केली.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या गावात तेव्हा रीत होती की नव्या सुनेने गावातून जाताना गाडीवर नवऱ्याच्या खांद्याला हात लावायचा नाही. डोक्यावर पदर, मान खाली, हात आपल्या मांडीवर. गावाच्या शेवटी मारुती होता. मारुती मागे पडला की मग खांदा धरा, कंबर धरा, कोणाचं काही म्हणणं नाही. म्हणजे सडक सपाट आणि मोकळी लागली की धरायचं, आणि ढोरं, पोरं, नाल्या, खड्डे असतील तिथं सोडायचं. कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. घरोघरच्या सुना तशाच बसायच्या, आणि पडेपर्यंत कोणी पडत नव्हतं.

पहिली आखाडी आली. नव्या नवरीला माहेरी पोचवायचं होतं. आनंदाबाईने तळणाचा डबा भरून पिशवीत दिला आणि दारातून सांगितलं, "मारुतीपर्यंत हात आवरून बसजो वं पोरी. म्हातारे पारावर बसले असतीन."

"हो," अंजू म्हणाली. डाव्या हाताने तिने मांडीवरची पिशवी धरली आणि उजव्याने डोक्यावरचा पदर. धरायला तिसरा हात माणसाला नसतो.

मारुतीच्या अलीकडे सडकेवर मुरमाचा एक बांध होता. वर्षभरापूर्वी तिथं ट्रकखाली एक गोऱ्हा गेला होता, तेव्हा गावकऱ्यांनीच घमेली टाकून ब्रेकर बांधला होता. हेमराजने स्वतः दहा घमेली मुरूम टाकला होता. त्याला तो ब्रेकर पाठ होता. पण पारावर सगळे बसलेले, अंगात नवी पॅन्ट, मागे नवी बायको. त्याने वेग कमी केला नाही.

गाडी उडाली. अंजू उडाली. पदर सावरायला तिने हात हलवला आणि तेवढ्यात पदराचं टोक मागच्या चाकात गेलं.

हेमराजला काही समजलं नाही. त्याला एवढंच जाणवलं की गाडी हलकी झाली. पंधरा-वीस पावलं तो तसाच पुढं गेला. मग मागून म्हातारे ओरडले.

गळ्याचं डावं हाड मोडलं, हात मोडला, डोक्याला नऊ टाके पडले. मानेभोवती साडीच्या काठाने चामडी सोलून निघाली होती. साडी फाटली म्हणून वाचली, जाड असती तर फाटली नसती, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं. आनंदाबाई खाटेशी बसली होती. ती म्हणाली, "मारुती दहा पावलांवर होता. खांदा धराले काय झालतं वं तुले?"

अंजूने भिंतीकडे कूस वळवली.

तिथून ती माहेरी गेली. दिवाळीनंतर परत आली ती एस.टी.ने. हेमराज स्टॉपवर गाडी घेऊन उभा. नवं साडीगार्ड लावलेलं. तिने बॅग खांद्याला लावली आणि चालायला लागली.

"अवो, बस न."

"पायी येतो मी."

"जाळी लावली नवी. पाह्य तरी."

"पाह्यली. संसार करीन, वावरात जाईन, तुमच्या मायचं ऐकीन. गाडीवर बस म्हनू नोका."

आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. भांडली नाही, रुसली नाही. तिच्या तोंडून त्या दिवसाचा विषय पुन्हा निघाला नाही. वर्ष-दीड वर्षात प्रेरणा झाली. घर नीट चाललं. फक्त हेमराजची गाडी अन् अंजूची वाट वेगवेगळी झाली.

सत्त्याण्णव साली त्याने वावर चुलतभावाला वाहायला दिलं आणि बोरगावला येऊन ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग शिकला. पुढं स्वतःचं दुकान टाकलं. हिंगणघाटला जायचं असलं की अंजू आणि प्रेरणा वर्धेच्या स्टॅंडवरून एस.टी.त बसायच्या, आणि हेमराज गाडीने एस.टी.च्या मागे मागे. पुढं निघून जाणं त्याच्या हातात होतं, पण तो जायचा नाही. एस.टी. थांबली की हा थांबायचा, सुटली की सुटायचा. धूळ खायचा, डिझेलचा धूर खायचा. मागच्या काचेतून प्रेरणा हात हलवायची. अंजू मान वळवायची नाही, पण बसायची नेहमी शेवटून दुसऱ्या सीटवर, तिचा अंबाडा त्याला दिसेल अशी.

त्या लाईनचे ड्रायव्हर-कंडक्टर त्याला ओळखायला लागले. वायगावला चहा पिताना कंडक्टर म्हणायचा, "काय गा, आजबी बायकोचा पिच्छा का?"

"काय करता राजेहो, थे बसत नाई."

"मंग तूच बस न एस.टी.त. तुयंबी तिकीट फाडतो."

"अन् गाडी कोन आनन? तुमी?"

खरं तर गाडी घरी ठेवून तोही एस.टी.त बसू शकला असता. पण गाडी सोबत असली म्हणजे कधी ना कधी ती बसेल, असं त्याच्या मनात होतं. परत येताना कदाचित एस.टी. चुकेल. कदाचित पाय दुखेल. कदाचित नुसतंच मनात येईल.

म्हणून तो मागची सीट सजवत राहिला. पहिल्या वर्षी दाट जाळी. दुसऱ्या वर्षी दोन्ही पाय बसतील अशी लांब पट्टी. तिसऱ्या वर्षी बाजूला धरायचा दांडा, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. मग पाठ टेकायला लोखंडी कमान, तिला रेक्झिनची गादी. दसऱ्याला गाडी धुवून, झेंडूचा हार घालून तो अंजूला बाहेर बोलवायचा. "पाह्य, हे नवीन लावलं."

अंजू ताट घेऊन यायची. टाकीला कुंकू, चाकाला कुंकू, मागच्या सीटलाही कुंकू. लिंबू ठेवायची. "चांगलं झालं," म्हणायची आणि आत जायची.

शेजारी म्हणायचे, "हेमराज, मांगे काय गनपती बसवाचा आहे का गा?"

सांजच्या वेळी दुकानासमोरून बाजार करून लोक बोरगावकडे परतायचे. हेमराजचा हात चालायचा, पण डोळे रोडवर. त्याला हात दिसायचे. नव्या नवरीची दोनच बोटं शर्टाला टेकलेली असायची. चार वर्षं झालेली बाई अख्खा पंजा ठेवायची आणि नवऱ्याच्या कानाशी बोलत असायची. म्हातारी कॉलर पकडायची, बैलाची वेसण पकडावी तशी. भांडण झालेली खांदा सोडून सीट धरायची. आणि काही बाया अशा बसायच्या की हात खांद्यावर आहे हे त्यांनाही माहीत नसायचं, त्यालाही माहीत नसायचं. त्या जोडप्याकडे हेमराज वळणावर दिसेनासं होईपर्यंत पाहायचा. त्याच्या डाव्या खांद्यावर ठिणग्यांचे बारीक डाग होते. दुसरं काही तिथं कधी टेकलं नव्हतं. लग्नापासून आखाडीपर्यंत गाडी फक्त गावातच फिरली होती, आणि गावात हात लावायचा नव्हता. मारुतीच्या पुढचा हात त्याला मिळालाच नाही.

प्रभाकरराव म्हणून एक रिटायर मास्तर दुकानात रोज येऊन बसायचे. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला कोणीतरी ऐकणारा लागायचा. हेमराजकडे पडलेल्या गाड्या यायच्या, आणि पाहिल्याबरोबर ती कशी पडली ते तो सांगायचा. उजवं पायदान वर वाकलं असलं तर वळणावरच्या गिट्टीवर घसरली. समोरचा फोर्क मागं दबला असला तर कापसाच्या बंडीत घुसली. हँडल वाकडं आणि बाकी सगळं साबूत, तर हा ऑटोच्या शेपटीला होता, ऑटोवाल्याला सवारी दिसली आणि त्याने जागच्या जागी ब्रेक मारला.

"तू तं जोतिषी झाला बे," मास्तर म्हणायचे.

"त्याले काय जोतिष लागते? वैशाखात बाया पडते, पोळ्यात मानसं पडते, कापसात दोघंबी पडते."

आणि ते खरंच होतं. वैशाखात लग्नं. बिननंबरच्या नव्या गाड्या, खळ्यात शिकलेले नवरदेव, मागे जरीची साडी आणि मांडीवर आहेराची परात. पोळ्याचं कारण वेगळं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. सणाला ज्याला प्यायची असते तो जिल्ह्याची शीव ओलांडून जातो. जाताना गाडी शुद्धीत जाते, येताना तीस किलोमीटर ती त्याला घेऊन येते. कापसाच्या दिवसांत दिवेलागणीला बंड्यांची रांग जिनिंगकडे निघते, बंडीला मागून ना दिवा ना कंदील, आणि समोरून ट्रकचा फोकस. मोटरसायकलवाल्याला पांढरं दिसतं तेव्हा तो कापसात शिरलेला असतो.

"आन् मास्तर, एक पाहून ठेवा. लोकं दूर जाऊन पडत नाई. घराजवळ पडते. घर दिसलं का मानूस ढिला होते. अर्ध्याच्या वर गाड्या माह्याकडे इथल्या इथल्याच येते. आर्वी नाका, बजाज चौक, नाई तं आपल्याच गल्लीचं तोंड."

"अन् जास्त लागते कोनाले?"

हेमराज पकड उचलायचा. "मांगच्याले," म्हणायचा आणि काच डोळ्यावर ओढायचा.

दोन हजार पाच सालच्या थंडीत एक दिवस असेच दोघं बसले होते. गल्लीच्या तोंडाने एक लुना आली. बाईने साडी नीट खोचलेली, पदर कमरेला घट्ट गुंडाळलेला, समोर पोलिओच्या डोसाची थर्मासची पेटी. वळणावर तिने हात दाखवला, मागे पाहिलं, एका ट्रॅक्टरला जाऊ दिलं आणि शांतपणे रोड ओलांडला.

मास्तर म्हणाले, "हेमराज, थे तुयी बायको व्हय का?"

"नाई. माह्यी बायको गाडीवर नाई बसत."

"अरे, पन थे तं..."

"सांगून राह्यलो न मास्तर. अकरा वर्सं झाले, नाई बसत थे."

लुना दुकानासमोरून गेली. अंजूने त्याच्याकडे पाहिलं आणि हॉर्न वाजवला.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा अंजू वांगी चिरत होती. मागच्या गल्लीत मंदाबाई नावाची नर्स राहायची. पोलिओच्या मोहिमेत अंजू तिच्यासोबत घरोघर जायची. लुना मंदाबाईचीच होती. तीन आठवडे शाळेच्या मैदानात अंजू ती शिकत होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

हेमराज उंबऱ्यावर बसला. "तू तं गाडीवर बसत नोती."

"आताबी नाई बसत. चालवतो."

"दोन्ही एकच नाई का?"

अंजूने विळी आडवी केली. "एक कसं? तुमच्यापाशी ब्रेक राह्यते, आरसा राह्यते. खड्डा तुमाले पहिले दिसते. मांगच्याले काय दिसते? तुमची पाठ. पडाच्या आधी समजलं पाह्यजे न मानसाले का आपन पडून राह्यलो. मले काईच समजलं नोतं. मी तळनाचा डबा सांभाळत होती."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? शिकवली असती मी."

"तुमी इच्यारलं कदी? हरसाल एक दांडा लावून आनला. एक जाळी लावून आनली. मले वाटे, या मानसाले मांगची सीटच लय आवडते."

हेमराजला हसू आलं नाही. अकरा वर्षं तो जिला बसवायला जागा करत होता तिला तिथं बसायचंच नव्हतं. भीती असती तर त्याच्याकडे इलाज होता, लोखंड होतं. राग असता तर तो पाया पडला असता.

मंदाबाईची बदली झाली तेव्हा लुना अंजूकडेच आली. हेमराजने तिचं सगळं काम केलं. ब्रेकची तार बदलली, मोठा आरसा लावला. अंजू म्हणाली, "मांगची सीट काहाडा. तिथं पेटी ठेवाले कॅरिअर लावा."

"मी बसीन न कदी मांगे."

"तुमी? लुना जमिनीत जाईन अजी."

त्याने सीट काढली आणि कॅरिअर लावलं. अंजू सकाळी आठला निघायची, मोहल्ला-मोहल्ला फिरायची, दुपारी परत यायची. हिंगणघाटला मात्र अजूनही एस.टी.नेच, कारण लुना तेवढं धावत नव्हती. आणि हेमराज एस.टी.च्या मागे.

पुढच्या वर्षी लाल गाडीचं इंजिन ठोकायला लागलं. फिटरने पाहून मान हलवली. हेमराजने ती वासुदेवरावांच्या ओळखीच्या एका माणसाला द्यायचं ठरवलं. तो शनिवारी येणार होता. शुक्रवारी दुपारून दुकान बंद करून हेमराज घरी आला. अंगणात गाडी मेन स्टॅंडवर लावली आणि रॉकेलचा बोळा घेऊन पुसत बसला. जाळीच्या एका एका सळईतून बोळा फिरवला, दांड्यावरचं रबर पुसलं. कमानीची गादी इतक्या वर्षांत कुठंही दबली नव्हती.

अंजू पाणी घ्यायला बाहेर आली.

"अंजू."

"काय?"

"उद्या जाईन हे."

"माहीत आहे."

"एक डाव बस न. इथून तं रोडपर्यंत."

"नाई अजी."

तो पुसत राहिला. थोड्या वेळाने, गाडीकडेच पाहत म्हणाला, "त्या दिवशी मले समजलंच नाई का तू पडली. गाडी हलकी लागली, तवा मले वाटलं का वा, मस्त उचलली गाडी. तसंच वाटलं मले. वीस पावलं मी खुशीत चालवली. तवापासून गाडी हलकी लागली का मी मांगे वळून पाह्यतो. अन् मांगे कोनी नसल्यावर थे हमेशाच हलकी लागते."

अंजू बादली हातात घेऊन उभी होती. हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की त्याला ब्रेकरचं वाईट वाटतं, जाळीचं वाटतं. त्या वीस पावलांबद्दल तो कधी बोलला नव्हता.

तिने बादली खाली ठेवली. "स्टॅंड पक्कं आहे का?"

"मी लावलं."

"सुरू कराची नाई."

"नाई."

"चाबी काहाडा. खाली ठेवा. मले दिसन अशी."

त्याने चावी काढून तुळशीच्या कठड्यावर ठेवली आणि समोर बसला. अंजूने पदर कमरेला गुंडाळला, दोन्ही पाय पट्टीवर घेतले आणि मागे बसली. मग तिचा हात त्याच्या डाव्या खांद्यावर आला. पिठाचा, ओलसर. शर्टातून त्याला पाचही बोटं वेगवेगळी कळली. समोर कुंपणाची भिंत होती, भिंतीवर बाजूवाल्याचं लिंबाचं झाड. हेमराजने हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि तो भिंतीकडे असा पाहत होता, जणू समोरून ट्रक येतो आहे.

प्रेरणा दारात आली. "आई, काय करून राह्यले तुमी?"

"अभ्यास कर जाय."

भिंतीवरचं ऊन वर सरकलं. लिंबाच्या झाडातून दोन चिमण्या उडाल्या.

"कुठपर्यंत आलो?" अंजूने विचारलं.

"वायगाव."

"मंग उतरतो मी. कुकर लावाचा आहे."

"अजून थोडी बस. समोर सडक चांगली आहे."

"नाई. तुमी जा." तिने हात काढला, उतरली आणि बादली उचलून आत गेली.

हेमराज बसून राहिला. आतून कुकरची पहिली शिटी झाली, दुसरी झाली. अंधारून आलं तसं प्रेरणाने अंगणातला दिवा लावला. तिला वाटलं बाप झोपला की काय, म्हणून ती जवळ गेली. तो जागा होता. हँडल धरलेलंच होतं.

"बाबा, चाला न जेवाले."

"येतो. हिंगणघाट आलंच."